चौथ्या वर्षाची तयारी आत्ताच

सातारा

चि. सोनू,


काल ताईचा फोन आला होता. तुला ऑनर्स करायचंय, पण 'तिसरं वर्ष झाल्यावर बघू' असं म्हणालीस म्हणे. ते 'बघू' मला खटकलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

नुसता ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स हे दोन वेगळे रस्ते आहेत. चार वर्षांची किमान १६० क्रेडिट दोन्हींना लागतात. पण संशोधनाच्या वाटेला जायचं तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के हवेत. त्यातली तीन सत्रं तुझी झालीसुद्धा. ओपन इलेक्टिव्हचा पेपर 'पास झालं की झालं' म्हणून तू वाऱ्यावर सोडलास, तोही या हिशोबात येतो. मेजरमध्ये कितीही चांगले मार्क पडले तरी तिथली घसरण पाठ सोडत नाही. तेव्हा या सत्रात एकही पेपर हलका समजू नकोस.

नुसता ऑनर्स कमी दर्जाचा, असं मात्र मनात आणू नकोस. ज्याला प्रबंध करायचा नाही तो प्रबंधाच्या १२ क्रेडिटऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय घेतो, आणि त्यातही भरपूर शिकता येतं. वर्ष वाया जाण्याची भीती ताईला वाटते. तिला सांग, चार वर्षांनंतर एम.एस्सी. एका वर्षाची, तीन वर्षांनंतर दोन वर्षांची. बेरीज पाचच.

पण तुला झाडांमागे हिंडायची ओढ आहे, हे मी तू शाळेत असल्यापासून पाहते आहे. म्हणून खरं सांगायचंय ते प्रबंधाबद्दल. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. त्या मापानं १२ क्रेडिटचे ३६० तास होतात. तास काढता येतील गं, पण पावसाळा एकच मिळतो. चौथं वर्ष सुरू होतं तेव्हा पाऊस लागलेला असतो. विषय ठरवता ठरवता, सरांची सही घेता घेता गणपती येतात, आणि कातळाच्या सड्यावरची काही फुलं तोवर होऊन गेलेली असतात.

माझं तसंच झालं. एम.एस्सी.ला मी वनस्पतींचे नमुने फार सुंदर दाबले होते. पान न् पान सपाट, टाके नीट. पण घाईत पाच नमुन्यांवर फुलाचा रंग आणि जागा लिहायची राहिली. वाळल्यावर पाचही फुलं एकसारखी तपकिरी झाली. मार्गदर्शकांनी विचारलं, 'ताजं असताना कसं होतं?' मला सांगता येईना. दिवाळी होऊन गेली होती. परत जाऊन बघायला सड्यावर वाळलेलं गवत होतं. ते पाचही प्रबंधातून काढावे लागले. अजून वाईट वाटतं.

म्हणून यंदाचा पावसाळा सोडू नकोस. गावच्या सड्यावर एकच जागा धर, आणि दर आठवड्याला त्याच जागी जा. तेरडा कधी फुलला, त्यावर कोण येऊन बसतं, एवढंच लिही. तारीख, वेळ, रंग जागच्या जागी, घरी येऊन आठवून नव्हे. कासच्या पठारावर गेलीस तर तिथलं काही तोडायचं नाही, नुसतं पाहायचं. पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा पाहिलीस की चौथ्या वर्षी तुझ्याकडे दोन पावसाळ्यांच्या नोंदी असतील. सरांपुढे विषय मागायला नाही, प्रश्न घेऊन जाशील.

आणखी एक काम याच महिन्यात कर. तुमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत का, ते ऑफिसात नाही, विभागप्रमुखांनाच विचार. नसतील तर संशोधनाच्या चौथ्या वर्षाला कुठे प्रवेश घ्यायचा ते आतापासून शोधावं लागेल, आणि त्यात मी तुझ्याबरोबर येईन.

परीक्षा संपली की इकडे ये. नमुने दाबायला जुनी वर्तमानपत्रं मी साठवून ठेवली आहेत. तू फक्त एक जाड पुठ्ठ्याची वही आण, आणि पेन नको, पेन्सिल आण; पावसात शाई फुटते.

तुझी,
मावशी