शब्दकोड्याचे सूचक कसे वाचावे

वर्तमानपत्रातले रोजचे शब्दकोडे हे आपण फावल्या वेळेचे साधन मानतो, आणि ते तसे आहेही. इंदुरात रविवारी भरणाऱ्या मराठी वर्गासाठी मात्र मी गेली काही वर्षे ते पाठ्यपुस्तकाच्या जोडीला वापरत आलो आहे. वर्गातली मुले, आणि मुलांना सोडायला येता येता बाकावर बसू लागलेले काही पालक, घरी मराठी बोलतात. शाळा, बाजार, पाट्या, बहुतेक वाचन हिंदीत. त्यांची मराठी कानाने आलेली आहे. ती अक्षरांत उतरवायची वेळ क्वचित येते. घरातली मराठी जिथे संपते तिथे कोडे त्यांना अचूक अडवते, म्हणून शिक्षकाला ते उपयोगाचे. पण कोडे हातात देऊन 'सोडवा' म्हटले की मुले पाच मिनिटांत कंटाळतात. सूचक (बोलताना आपण सरळ 'क्लू' म्हणतो) कसे वाचायचे हे शिकवावे लागते. ते मी कसे शिकवतो, एवढाच या लेखाचा विषय.

आडव्या-उभ्या शब्दांचा हा खेळ बाहेरून आला. आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. कोडे घालण्याची हौस आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि आज नाव घेण्यापुरता उरलेला 'उखाणा' हा शब्दही कोडे या अर्थाने मराठीत रुळलेला होता. चौकट परकी असली तरी सूचकाचा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे.

चौकट परकी खरी, पण देवनागरीत आल्यावर ती बदलली. इंग्रजी कोड्यात एका चौकोनात एक वर्ण बसतो. मराठीत बसते अख्खे अक्षर: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळे मिळून एक. 'स्वातंत्र्य' हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर दहा चौकोन अडवील. आपल्याकडे त्याला तीन पुरतात, स्वा-तं-त्र्य. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की मराठी उत्तरे आखूड असतात. दोन-तीन चौकोनांचे शब्द फार, त्यामुळे नुसत्या सूचकावरून उत्तर ठरणे कठीण. दुसरा परिणाम भरपाई करणारा. छेदणाऱ्या शब्दातून मिळालेले एक अक्षर पुष्कळ सांगून जाते, कारण त्यात व्यंजन आणि स्वर दोन्ही पक्के झालेले असतात.

'कमळ (३)' हे सूचक घ्या. कंसातला आकडा अक्षरांचा. पंकज, नीरज, सरोज, जलज, अंबुज, वारिज, राजीव, उत्पल: सगळे तीन अक्षरी. नवशिक्या इथे डोळे मिटून एक शब्द लिहून टाकतो आणि उरलेला कोपरा बिघडवतो. उभ्या शब्दातून शेवटचा 'ज' मिळाला तर राजीव आणि उत्पल गळतात, तरी सहा उरतात. मधले अक्षर मिळाले की संपले. क, र, रो, ल, बु, रि ही सहाही वेगवेगळी आहेत. म्हणून मी मुलांना सांगतो, प्रतिशब्दांच्या सूचकाला हात लावायचा तो मधले अक्षर हाती आल्यावर.

या सहा शब्दांपाशी वर्गात मी बराच वेळ थांबतो. पंक म्हणजे चिखल. नीर, जल, अंबु, वारि ही पाण्याची नावे. सरस् म्हणजे तळे. आणि 'ज' म्हणजे त्यातून जन्मलेले. शेपूट बदलून 'द', म्हणजे देणारा, लावला की नीरद, जलद, अंबुद, वारिद हे ढग होतात. 'धी' लावला की जलधी, अंबुधी, वारिधी असे समुद्र मिळतात. पाण्याची चार नावे आणि तीन शेपटे एवढ्यावर डझनभर शब्द पदरी पडतात. ते पाठ करायची गरज राहत नाही. एका मुलाने याच हिशेबाने 'सरोद' म्हणजे ढग असे लिहिले होते. ग्वाल्हेर जवळ असताना सरोद म्हणजे काय हे समजावायला मला फार कष्ट पडले नाहीत. जलद शब्दाला तर 'लवकर' असा अरबीतून आलेला दुसरा अर्थही आहे, त्यामुळे 'वेगाने येणारा ढग (३)' असे झकास सूचक तयार होते. त्यातले 'वेगाने' हेही उत्तर सांगते आणि 'ढग' हेही.

आता सूचकाचे व्याकरण. चांगल्या कोड्यात सूचक आणि उत्तर यांचे लिंग, वचन, काळ जुळतात. 'पळाला' असे विचारले असेल तर उत्तर 'धावला', 'धावणे' नव्हे. हे किती कामाचे आहे ते ऱ्हस्व-दीर्घापाशी कळते. 'घर बांधायला लागते (२)' याचे उत्तर वीट. 'घर बांधायला लागतात (२)' याचे उत्तर विटा. क्रियापद बदलले आणि पहिल्या चौकोनातली वेलांटी दीर्घाची ऱ्हस्व झाली. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून अठरा झाले. त्यांतला उपान्त्य इकार-उकारांचा नियम मुलांना फळ्यावर लिहून दिला की दुसऱ्या दिवशी विसरतात. चौकोनात तो विसरता येत नाही. 'अंधार (३)' याचे उत्तर कोणी 'तिमीर' लिहिले आणि खाली उतरणारा शब्द 'मित्र' असला, तर दोघांपैकी एकाला जागा सोडावी लागते. मित्र कसा लिहायचा हे हिंदीमुळेही सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तिमिर आपोआप सुधारतो. मग कोणीतरी विचारतेच, की समीर दीर्घ आणि तिमिर ऱ्हस्व असे का. तत्सम शब्द संस्कृतात जसे आहेत तसेच लिहायचे, हा नियम तेव्हा सांगावा. विचारल्यावर सांगितलेला नियम टिकतो.

काही कोडेकार जुळणी साधत नसली की ऱ्हस्व-दीर्घ चालवून घेतात. मोठ्यांच्या करमणुकीत ते खपते; वर्गात मात्र असे कोडे मी देत नाही. ज्या एका गोष्टीत कोडे शिक्षकाहून सरस आहे तीच त्यात हरवते.

प्रतिशब्दांपलीकडची सूचके थोडी खोडकर असतात. इंग्रजी गूढ कोडी वर्णांची उलथापालथ करण्यावर फार विसंबतात. मराठीत अक्षरे मुळात थोडी, त्यामुळे तो मार्ग लवकर संपतो. त्याऐवजी आपल्याकडे श्लेष भरपूर. 'देव प्रसन्न झाला की देतो, मुलीचे वडील शोधून दमतात (२)' म्हणजे वर. 'जेवायला मांडतात, शेतातून वाहतो (२)' म्हणजे पाट. शब्द उलटवणेही सोपे, मात्र अक्षरे उलटवायची, वर्ण नव्हेत: 'नदी उलटली की गरीब (२)' याचे उत्तर दीन. इथे 'दिन' चालणार नाही, कारण नदीची वेलांटी दीर्घ आहे आणि ती उलटताना सोबत येते. 'डोके उडाले तर नवा, तो माणूस (३)' म्हणजे मानव. लपवलेल्या शब्दाची सूचके मुलांना सर्वांत आवडतात. 'आजी वनराईत शोधते पाणी (३)' यातले 'आजी वनराईत' सलग वाचा. मध्ये जी-व-न बसले आहे, आणि जीवन म्हणजे पाणी. हेच 'आजी वनात शोधते पाणी' असे लिहिले तर कोडे मोडते, कारण तिथे 'न' नाही, 'ना' आहे. एका कान्याने सूचक खोटे ठरते हे मुलांना एकदा दिसले की ती स्वतः सूचके रचू लागतात, आणि रचणारा विद्यार्थी सोडवणाऱ्यापेक्षा दुप्पट काळजीने लिहितो.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला खरी अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. तिच्याबद्दल मराठी कोड्यांच्या पुस्तकांत काही सापडत नाही, कारण पुण्या-मुंबईत ती फारशी जाणवत नाही. 'शिक्षा (२)' या सूचकावर माझ्या वर्गात निम्म्या मुलांनी 'ज्ञान' लिहिले. चौकोन दोनच होते, त्यामुळे बसलेही. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. 'चेष्टा (२)' यावर 'यत्न' आले, हवी होती 'थट्टा'. 'आपत्ती (३)' यावर 'आक्षेप', हवे होते 'संकट'. इथे डोळस वाचकाला शेवटची दीर्घ वेलांटी सावध करते, हिंदीत ती ऱ्हस्व असते. 'संसार (३)' यावर 'दुनिया' लिहिले गेले, पाहिजे होते 'प्रपंच'. सर्वांत मजा 'दादा (३)' यावर आली. उत्तर होते अग्रज. मुलांनी लिहिले आजोबा, आणि हिंदीच्या हिशेबाने ते बरोबरच होते. कमळांच्या धड्यातला 'ज' अग्रजाच्या शेवटी पुन्हा भेटला एवढाच त्या दिवशीचा फायदा. बडोद्याच्या मुलाला 'चोखा (२)' पाहून गुजरातीतले तांदूळ आठवतील. तिथे कंसातला आकडा त्याला वाचवील, तांदूळ दोन चौकोनांत मावत नाही आणि शुद्ध मावतो.

या शब्दांची मी एक वेगळी वही करायला लावतो. एका पानावर शब्द, मराठी अर्थ, शेजारच्या भाषेतला अर्थ. शेजारच्या भाषेतला अर्थ खोडायचा नाही. मुलगा दोन्ही भाषांत राहणार आहे. कोणत्या दाराने आत आलो हे त्याला कळले पाहिजे इतकेच.

इथे सूचकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. मागे बक्षिसांच्या कोड्यांचे मोठे पेव फुटले होते. त्यांत एका सूचकाला दोन-तीन शब्द सारखेच लागू पडत, आणि 'बरोबर' ठरे ते चालकाने आधी ठरवून ठेवलेले उत्तर. १९५५ च्या कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी स्पर्धा जुगाराच्या जातीची ठरवली. मला तो निकाल भाषेच्या दृष्टीनेही पटतो. ज्या सूचकाचे उत्तर छेदणाऱ्या अक्षरांनीही एकच उरत नाही, त्यात कौशल्य काय लागणार? 'पुण्यातील पेठ (४)' हे सूचक आमच्याकडच्या मुलांना जवळपास तसेच वाटते. सदाशिव, नारायण, शनिवार, रविवार, सोमवार, बुधवार यांतले काय घ्यायचे? शेवटी 'वार' मिळाले तरी चार पेठा उरतात. पुणेकराला निदान त्या ठाऊक असतात.

तक्रार करत बसण्यापेक्षा आपली कोडी आपण करावीत. सुरुवात तीन बाय तीनच्या चौकटीने होते. मधल्या ओळीत आडवा शब्द: 'भा. रा. तांबे जिथले राजकवी होते ते संस्थान (३)'. हिंदीच्या सवयीने मुले ग्वालियर मोजतात, ग्वा-लि-य-र, आणि चौथा चौकोन शोधतात. चौकोन तीनच आहेत, म्हणजे ग्वाल्हेर. आता याला उभे शब्द जोडायचे. 'ग्वा'पासून खाली काय निघेल? बराच वेळ शांतता असते, मग कोणाच्या तरी आजीचा शब्द येतो: ग्वाही. सूचक, 'साक्ष (२)'. 'ल्हे'ने सुरू होणारा शब्द कोणाला सुचत नाही. पण त्या अक्षराने संपणारा सुचतो, म्हणून तो वरून खाली आणायचा: जिल्हे. इथे सूचक अनेकवचनी हवे, 'तालुक्यांहून मोठे (२)'. 'र'खाली रवा, 'शिऱ्याला लागतो (२)'. उरलेले तीन चौकोन काळे. चार शब्दांची ही चौकट, पण ती पुरी व्हायला वर्गाचा अर्धा तास लागतो.

नंतर मोठ्या चौकटी येतात. त्यांत नर्मदा असते, 'रेवा (३)'. महेश्वर असते, 'अहिल्याबाईंची राजधानी (४)'. गेल्या वर्षी एका मुलीने आपल्या गावाचे नाव आडवे घालायचे ठरवले. मधल्या अक्षराखाली तिला 'दुधी' ही भाजी उतरवायची होती, आणि गाव तर इंदूर, दीर्घ. दुधी दीर्घ होत नाही, इंदूर ऱ्हस्व होत नाही. वर्गातल्या बहुतेकांचे मत भाजी बदला असे पडले. 'दूध' सहज बसले असते. तिने भाजी ठेवली आणि एक चौकोन वाढवून सूचक बदलले: 'अहिल्याबाईंच्या नावाचा विमानतळ कुठे आहे? (४)'. उत्तर, इंदुरात.