कचऱ्याचा ठेका आणि नगराचे आरोग्य

बंगळूरु नगरात घरोघरचा कचरा गोळा करून वाहून नेण्याचे बरेचसे काम महानगरपालिकेने खाजगी ठेकेदारांवर सोपविले होते. २०१२ साली मावळ्ळीपूर गावाजवळील कचराभूमी ग्रामस्थांच्या विरोधानंतर बंद झाली आणि नगरातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले.

ग्रामस्थांचा विरोध का होता? ओला व सुका कचरा एकत्र दडपला, म्हणजे हवेच्या अभावी जीवाणू ओल्या भागापासून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निर्माण करतात, व त्यातून पाझरणारे दूषित पाणी भूजलात मिसळते. तोच ओला भाग वेगळा ठेवून हवेत कुजविल्यास त्याचे उत्तम खत होते.

आता असे पाहा, की ठेकेदारास वजनावर मोबदला मिळू लागला, तर कचरा कमी करण्यात त्याचा काहीच लाभ उरत नाही. यास्तव करारात वर्गीकरणाची अट आणि तिची नियमित तपासणी असणे अवश्य आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रत्येक घरी दोन डबे व एक पिशवी ठेवण्याचा आदेश दिला: हिरवा डबा ओल्या कचऱ्यासाठी, तांबडा आरोग्यास घातक अशा कचऱ्यासाठी, आणि पिशवी सुक्यासाठी. वाहतूक कोणीही करो, वर्गीकरणाचा प्रारंभ मात्र गृहस्थाच्या स्वयंपाकघरातच झाला पाहिजे.