“मी कोण” हें खोटें सांगणारा मुलगा
आईबापांसाठीं व उपदेशकांसाठीं एक पाठ

चोरून गूळ खाल्लेलें मूल “मीं खाल्ला नाहीं” म्हणतें, तेव्हां त्याच्या ओठांवरूनच आईस खरें काय तें कळतें. परंतु पंचविशी ओलांडलेला मुलगा जेव्हां आपली नोकरी, आपलें शिक्षण, आपलें घराणें, किंबहुना आपले आईबापसुद्धां खोटे सांगूं लागतो, तेव्हां घरचीं माणसें गोंधळून जातात. त्याचें बोलणें खरें धरावें तर फसगत होते. खोटें म्हणावें तर मुलगा हातचा जाईल असें भय वाटतें. अशा मुलाशीं आईबापांनीं कसें वागावें, याचा विचार या पाठांत करावयाचा आहे. मुलगी असली तरी गोष्ट तीच.

एक दृष्टांत

प्रथम एक दृष्टांत घेऊं. हा कोणा एका घरचा नव्हे. पुष्कळ घरांच्या दुःखांतून तो जुळविला आहे. चिखली तालुक्यांतील एका गांवीं चार एकर कोरडवाहू शेतावर राबणारें एक कुटुंब आहे असें समजा. थोरला मुलगा स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठीं पुण्यास गेला. तीन वर्षांनीं त्यानें कळविलें कीं, आपण फौजदार झालों. आईनें गांवभर पेढे वांटले. सोयाबीनचा पैसा गणवेशासाठीं म्हणून गेला, कापसाचा पैसा प्रशिक्षणासाठीं म्हणून गेला. धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचीं बोलणीं “फौजदाराची बहीण” म्हणून सुरू झालीं.

एके दिवशीं बाप ज्वारीच्या पिठाची व पापडांची पिशवी घेऊन, न कळवितां पुण्यास गेला. खोलीच्या मालकानें विचारलें, “आपण कोण?” बाप म्हणाला, “मी त्याचा बाप.” मालक बुचकळ्यांत पडला. “अहो, त्याचे वडील तर तो लहान असतांच वारले असें तो सांगतो. मोठे बागाईतदार होते म्हणे.”

बापानें पिशवी पायरीवर ठेविली व तो खालीं बसला. फौजदारी खोटी होती याचें दुःख त्यास मागाहून झालें. आपण जिवंत असतां मुलानें आपणांस मेलेलें ठरविलें, हें दुःख पहिलें होतें.

दोन प्रकारचें खोटें

दुसऱ्याचें नांव घेऊन वावरणाऱ्यास आपल्या भाषेंत तोतया म्हणतात. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु पुष्कळांचा त्यावर विश्वास बसेना. पुढें एका कनोजी ब्राह्मणानें आपणच भाऊ असें सांगितलें. त्यास रत्नागिरीस कैदेंत ठेविलें होतें. १७७६ सालीं तो तेथून सुटला, त्यानें फौज जमविली व कोंकणांतील मुलूख घेतला. आणि त्याच वर्षीं पकडला जाऊन तो पुण्यास देहांत शिक्षा पावला. त्याचा हेतु उघड होता: त्याला राज्य पाहिजे होतें. पण या गोष्टींत आणखी एक बोध आहे. तोतया एकटा कधींच उभा राहत नाहीं. भाऊ परत यावे असें ज्यांना मनापासून वाटत होतें, त्यांच्या आशेवर तो उभा राहिला. आमच्या घरींही असेंच होतें. मुलगा साहेब व्हावा ही आमची आशा इतकी मोठी असते कीं, नेमणुकीचा कागद पाहण्याचें आम्हांस सुचतच नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या खोट्यांत मात्र लाभ थोडा व हानि फार असते. १८९१ सालीं डेल्ब्रुक नांवाच्या वैद्यानें अशा माणसांचें वर्णन करून या प्रकारास शास्त्रीय नांव दिलें. १९१५ सालीं अमेरिकेंतील हीली पतिपत्नींनीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. खोटेपणा व त्यापासून मिळणारा लाभ यांचा मेळ बसत नाहीं, हें लक्षण त्यांनीं मुख्य मानिलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा बहुतेक माणसांची ही संवय किशोरवयांत लागलेली आढळली. रोगांच्या मान्य यादींत हा अद्यापि स्वतंत्र रोग म्हणून गणलेला नाहीं; तथापि ही केवळ लबाडी नव्हे, असें जाणते लोक मानितात.

त्या मुलाचेंच पाहा. जागा शेंकड्यांनीं व उमेदवार लाखांनीं, अशा परीक्षेंत तो नापास झाला. ती लाज झांकण्यासाठीं त्यानें पहिलें खोटें सांगितलें. त्या खोट्याची राखण करावयास दुसरें लागलें. पुढें कोणी न विचारतांही तें तोंडून येऊं लागलें. कारण खोट्यांतला तो मोठा माणूस होता आणि खऱ्यांतल्या आपल्या स्वतःकडे पाहणें त्यास सहन होत नव्हतें.

याकोबाची गोष्ट

उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायांत वयांत आलेला मुलगा आंधळ्या बापासमोर उभा राहून आपण दुसराच आहों असें सांगतो. ही गोष्ट आपण याकोबाचें पाप म्हणून पुष्कळदां शिकवितों. आज ती एका घराची गोष्ट म्हणून वाचूं. बापाचा आवडता एसाव होता. भावाचीं वस्त्रें व करडांचीं कातडीं याकोबाच्या अंगावर चढविलीं तीं त्याच्या आईनें. बापास आवाज एकाचा व हात दुसऱ्याचे असें वाटलें. संशय आला, तरी अखेर त्यानें त्यास एसाव म्हणूनच आशीर्वाद दिला. खोटें याकोबानेंच सांगितलें व त्याचा दोष त्याचाच. परंतु एकानें पोशाख पुरविला व एकानें संशय गिळला. पुढें ३२ व्या अध्यायांत त्यास पुन्हां नांव विचारिलें जातें, आणि या वेळीं तो आपलें खरें नांव सांगतो. मध्यंतरीं वीस वर्षें परक्या घरीं गेलीं होतीं. ज्या आईबापांस एका रात्रींत मुलगा सुधारलेला पाहिजे असतो, त्यांनीं ही वीस वर्षें ध्यानांत ठेवावीं.

आईबापांनीं काय करावें

१. आधीं चौकशी, मग बोलणें. लोकसेवा आयोग निवडलेल्या उमेदवारांच्या याद्या प्रसिद्ध करितो. नव्या फौजदारांचें प्रशिक्षण नाशिक येथील पोलीस अकादमींत होतें. अशी चौकशी गाजावाजा न करितां करितां येते. नुसत्या संशयावरून मुलावर आळ घेऊं नये.

२. एकांतांत बोलावें. चारचौघांत उघडें पाडलेला माणूस अधिक मोठें खोटें रचतो. बापानें इतकेंच म्हणावें: “बाळा, तूं सांगतोस ती नोकरी तुला नाहीं हें मला कळलें आहे. मला दुःख झालें. पण तूं माझा मुलगा आहेस, यांत बदल नाहीं. तुझ्या खोट्याला मी यापुढें दुजोरा देणार नाहीं. खरें सांगावेंसें वाटेल तेव्हां घरीं ये.” तो रागावेल, रडेल, किंवा नवी कथा सांगेल. वाद घालूं नये. सगळ्या खोट्यांचा पाढा एका बैठकींत वाचावयास लावूं नये. एखादी लहान खरी गोष्ट तो आपण होऊन बोलला तर ती शांतपणें ऐकून घ्यावी.

३. खोट्याची साक्ष देऊं नये. “फौजदाराचे वडील” म्हणून कोणी हांक मारिली तर ओ देऊं नये. खोट्या कामासाठीं पैसा देऊं नये. दुखण्यास व अन्नास द्यावा लागल्यास तो थेट दवाखान्यांत किंवा खाणावळींत द्यावा. सोयरिकीच्या बाबतींत तर मौनही खोटेंच ठरतें. दुसऱ्याची मुलगी घरांत आणण्यापूर्वीं, किंवा आपली देण्यापूर्वीं, व्याह्यांस खरी स्थिति सांगणें हें आईबापांचें कर्तव्य आहे. सोयरीक मोडली तर ती आज मोडलेली बरी.

४. कायदा जाणावा. ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून त्या अधिकाराच्या नांवावर कांहीं करणें यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे (कलम २०४). आपण दुसराच कोणी आहों असें भासवून फसवणूक करणें यास पांच वर्षांपर्यंत (कलम ३१९). हें मुलास धाक म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगावें. त्यानें कोणाचा पैसा घेतला असेल तर तो परत करण्याच्या मार्गांत त्यास सोबत करावी. त्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊं नये.

५. वैद्यास दाखवावें. कांहीं मानसिक रोगांत मनुष्य स्वतःस मोठा अधिकारी खरोखरीच मानूं लागतो. तेथें तो खोटें बोलत नसून आजारी असतो. दारूनें बिघडलेली स्मृति, डोक्यास लागलेला मार, जुगाराचें किंवा इतर कर्ज हींही मागें असूं शकतात. यांस उपाय आहेत. खोटें बोलण्याच्या संवयीवर मात्र गोळी नाहीं. जाणत्या समुपदेशकाशीं दीर्घकाळ बोलणें हाच मार्ग आहे. प्रथम बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत विचारावें. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या “टेलि-मानस” या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. मुलगा येत नसेल तर आईबापांनींही तेथें बोलावें. सज्ञान माणसावर सामान्यतः त्याच्या संमतीवांचून उपचार लादतां येत नाहींत. मात्र तो जीव देण्याची भाषा बोलूं लागला तर क्षणभरही थांबूं नये. खोटें उघडें पडल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात.

उपदेशकांस दोन शब्द

असे आईबाप तुमच्याकडे रात्रीं, दिवा मालवल्यावर येतील. त्यांचें सांगणें पाण्याच्या टांकीपाशीं दुसऱ्या दिवशीं ऐकूं आलें, तर ते पुन्हां येणार नाहींत. त्यांच्या घरची गोष्ट उदाहरण म्हणून मंडळींत सांगूं नका, नांव गाळूनही नको. लहान गांवांत नांव गाळल्यानें कांहीं लपत नाहीं. आणि आपणच परीक्षा करूं या: नोकरी लागलेल्या मुलास आपण पुढच्या चटईवर बसवितों, जो नापास होऊन शेतांत परतला, त्यास कोठें बसवितों?

त्या बापाकडे परत जाऊं. सायंकाळीं मुलगा खोलीवर आला. पायरीवर बाप बसलेला पाहून तो थबकला. मालक दारांत उभा होताच. बापानें मालकासमोर कांहीं विचारलें नाहीं, कांहीं उघडें केलें नाहीं. त्यानें मुलास घरीं ज्या नांवानें हांक मारीत असत त्या नांवानें हांक मारिली व पिशवी पुढें केली. बोलणें पुढें व्हावयाचेंच होतें, व तें कठीणही होणार होतें. पण त्या हांकेस मुलानें “हो बाबा” म्हटलें. मालकाच्या देखत, पुष्कळ दिवसांनीं, त्यानें सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. तोतयाचें खोटें व संवयीचें खोटें यांत भेद कोणता?
२. याकोबाच्या घरांत त्याच्या खोट्यास कोणीं व कसा हातभार लाविला?
३. मुलावर प्रेम करणें व त्याच्या खोट्याची साक्ष न देणें, हीं दोन्ही एकाच वेळीं कशीं करावीं?
४. नापास होऊन परत आलेल्या तरुणास आपल्या गांवीं खरें बोलणें सोपें जावें, म्हणून आपण काय करूं शकूं?