शहामृगाच्या अंड्याचे कवच

भिवंडीजवळच्या वडपे गावावरून नाशिककडे जाणारा महामार्ग कसारा घाट चढून देशावर जातो. नाशिकहून मालेगावमार्गे पुढे गेले, की खानदेश लागतो. तेथे चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, पाटणे हे गाव आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला, त्यासंबंधीचा शिलालेख याच गावी सापडला. परंतु पाटण्याच्या भूमीत त्याहून कितीतरी प्राचीन असा एक ठेवा दडलेला होता.

१९७२-७३ साली पुरातत्त्ववेत्ते एस. ए. साळी यांनी येथे उत्खनन केले. अश्मयुगीन माणसाच्या दगडी हत्यारांबरोबर त्यांना अंड्याच्या जाड कवचाचे तुकडे मिळाले. ते तुकडे शहामृगाच्या अंड्याचे होते! एका तुकड्यावर तर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची नक्षी कोरलेली होती. ही नक्षी सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची मानतात.

शहामृग हा आज हयात असलेला सर्वांत मोठा पक्षी होय. त्याची उंची आठ-नऊ फूट आणि वजन शंभर किलोग्रॅमहून अधिक असते. एवढे जड शरीर त्याचे लहान पंख उचलू शकत नाहीत. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडावर नावेच्या तळासारखा उंचवटा असतो व त्याला पंखांचे बळकट स्नायू जोडलेले असतात. शहामृगाला तो उंचवटा नसतो. मात्र पंखांनी जे गमावले, ते पायांनी भरून काढले आहे. पायाला दोनच बोटे असलेला हा पक्षी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावतो. त्याचे एक अंडे कोंबडीच्या सुमारे दोन डझन अंड्यांएवढे भरते.

आज रानात राहणारे शहामृग केवळ आफ्रिकेत आढळतात. मग ही कवचे येथे कशी आली? राजस्थान, मध्यप्रदेश व महाराष्ट्र येथील अनेक स्थळी अशी कवचे सापडली आहेत. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यांतील काही तुकड्यांची तपासणी केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून असे दिसले, की हे पक्षी आफ्रिकेतील शहामृगांचे जवळचे आप्त होते. म्हणजे एके काळी आपल्याच माळरानांवर हे पक्षी धावत असत.

त्या काळच्या माणसाने कवचाचा मोठ्या कुशलतेने उपयोग केला. कवचाचा लहान तुकडा घ्यावा, दगडी टोच्याने त्यास भोक पाडावे व कडा घासून तो वाटोळा करावा, की मणी तयार! असे मणी पाटण्याला मिळाले, तसेच मध्यप्रदेशातील भीमबेटका येथेही मिळाले. पोटाची चिंता रोजची असतानाही त्या माणसाला सौंदर्याची ओढ होती, याची हे मणी साक्ष देतात.

ते शहामृग आता येथे नाहीत. न्यूझीलंडमधील मोआ हे अजस्र, पंखहीन पक्षीही माणूस त्या बेटांवर पोहोचल्यावर थोड्याच शतकांत शिकारीमुळे नामशेष झाले. आपल्या माळरानावरील माळढोक हा पक्षी उडू शकतो. तरी तो जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. माळ नाहीसे होत गेले, शिकार झाली, विजेच्या तारांवर आदळून कित्येक पक्षी मेले. त्याच्या रक्षणासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य झाले. तथापि महाराष्ट्रात तो आता क्वचितच दृष्टीस पडतो.

शहामृगाची ओळख आपल्याला मातीतून मिळालेल्या कवचावरून पटवून घ्यावी लागली. माळढोकाची ओळख पुढच्या पिढीला माळावर व्हावी, की केवळ संग्रहालयात, हे मात्र आपल्या हाती आहे.

अभ्यास

१. पाटणे येथील उत्खननात कोणत्या वस्तू सापडल्या?
२. शहामृगाला उडता का येत नाही?
३. कवचाचे मणी कसे तयार करीत, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावाजवळच्या माळावर कोणते पक्षी दिसतात, त्यांची नोंद करा.