कूस बदलताना

अहिल्यानगर
रविवार, दुपार

चि. बाळास,


तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लांबलचक मेसेज चारदा वाचला. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघीही रडत बसू आणि बोलायचं ते राहून जाईल, म्हणून कागद घेतला.

ताईला, तुझ्या आईला, अर्धांगाचा झटका येऊन एकवीस महिने झाले. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, पाठ पुसायची, नळीतून पेज द्यायची आणि मधल्या वेळात लॅपटॉप उघडून नोकरी करायची. एवढं कमी होतं म्हणून प्रार्थनासभेनंतर कुणी भगिनी तुला सांगून गेल्या, की देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो, तू आनंदानं सोस. आणि तू मला विचारतेस, ‘मावशी, मला आनंद होत नाही, उलट देवाचा राग येतो. मग माझा विश्वास खोटा का?’

नाही गं. राग कुणाचा येतो? जो आहे असं वाटतं, त्याचाच ना?

ईयोबाची सहनशीलता आपल्या लोकांच्या तोंडी सारखी असते. पण बोलणाऱ्यांनी ते पुस्तक पहिल्या दोन अध्यायांपुढे वाचलंय का, याची मला शंकाच आहे. तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि तिथून एकतिसाव्यापर्यंत मित्रांशी आणि देवाशी वाद घालतो. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि घोटाळा केला. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. बोलणं खरं ठरतं ते भांडणाऱ्या ईयोबाचं. मग याकोब आपल्या पत्रात ज्या धीरासाठी त्याचं नाव घेतो, तो कुठला? भांडला, पण देवाकडे पाठ फिरवून उठून गेला नाही, तो.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. तुझे काका आजारी होते त्या तीन वर्षांत एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का?’ मी चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन कपबशी आपटली. त्यानंतर सात-आठ महिने मला प्रार्थना जमली नाही. शब्दच येईनात. रात्री स्तोत्रसंहिता उघडायची आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून मिटायची. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. कुणीतरी ते पवित्र शास्त्रात राहू दिलं, काढून टाकलं नाही, याचाच मला मोठा आधार वाटायचा. आनंदाची वाक्यं मला तेव्हा सोसली नसती.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एक साखळी जोडतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा कुठे आहे बघ, टोकाला. आपण मात्र पहिल्या दिवशीच ती मागतो आणि सापडली नाही की स्वतःला अविश्वासी ठरवतो. धीरासाठी मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थच ओझ्याखाली टिकून राहणं असा. आणि ज्याला आपण शील म्हणतो, तो शब्द पारखून खरा उतरलेल्या वस्तूचा आहे. सराफ कसोटीवर सोनं घासतो, ते सोनं घडवायला नव्हे. आहे ते किती खरं, ते कळायला. पहाटे चारला डोळे उघडत नसताना तू उठतेस, ताईची कूस बदलतेस, पुटपुटत का होईना. हेच ते. तुला ते दिसत नाही, मला दिसतं.

पंडिता रमाबाई आपल्याकडे कॅलेंडरवरच्या संत होऊन बसल्या आहेत, म्हणून त्यांचं नाव घ्यायला मी कचरते. पण तारखा लावून बघ. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण उपासमारीनं गेली. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये कॉलऱ्यानं नवरा. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडायला पुढची आठ वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. आठ वर्षं! आणि आपल्याला एकवीस महिन्यांत उत्तर हवं असतं. (तुला टोचायला नाही म्हणत, मीही तशीच.) १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथं गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. भूक त्यांच्या ओळखीची होती. केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते त्या ओळखीतून.

पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. पंधराहून अधिक वर्षं ते चाललं होतं, छपाईचे खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका. अशात जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. एवढं सोसून झाल्यावर देव हे तरी टाळील, असं कुणालाही वाटलं असतं. टळलं नाही. त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाई पुन्हा त्याच कागदांपाशी बसल्या. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल छापून आलं १९२४मध्ये. छापलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.

आणि एक विसरू नकोस. याच रमाबाईंनी विधवांना ‘सोसा’ असं सांगितलं नाही. त्यांच्यासाठी शाळा काढली, टीका झेलली. जे दूर करता येतं ते दूर करायचं, उरेल त्याच्याखाली टिकायचं. आपल्या मंडळीतल्या बायका या दोन्हींची गल्लत फार करतात, आणि पुरुषांना ती सोयीची पडते. तुझ्या भावाला सांग, महिन्यातून दोन शनिवार-रविवार त्याचे. रात्रीसाठी बाई ठेवायचं तू ‘मग माझी सेवा काय’ म्हणून टाळतेस. ती सेवा नव्हे, हट्ट आहे. येशूनंही गेथशेमानेत तिघांना जवळ जागं राहायला सांगितलं होतं. ते झोपले ही गोष्ट वेगळी, पण त्यानं मागितलं.

ताईच्या एअरबेडचा पंप आवाज करतो म्हणालीस, तो बदलून घे. पैसे मी पाठवलेत. पाठीला लाली दिसली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन कर.

मी शुक्रवारी दुपारच्या एसटीनं पुण्याला येते, चार रात्री राहीन. त्या चारही रात्री दोनचा आणि चारचा गजर माझ्या फोनवर लावायचा. तू तुझ्या फोनवरचा काढून टाक आणि आतल्या खोलीत दार लावून झोप. ताईला सांग, धाकटी येतेय. समजत नाही असं सगळे म्हणतात, तरी सांग.

तुझी,
मावशी