खुरपणीच्या दिवसांसाठी आगाऊ शिजवलेलं मटण

आखाड लागला की आमच्या नायगावात दोन गोष्टी एकदमच येतात. वावरात सोयाबीन-कापसाची खुरपणी निघते आणि घरात मटणाची आठवण निघते, कारण पुढं श्रावण पाळायचा असतो. दिवसभर वाकून तण काढलेल्या बाईनं संध्याकाळी सातला येऊन कांदा-खोबरं भाजावं, वाटावं आणि तासभर मटण शिजवत बसावं, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून पावसानं काम बंद पडलं की मी एकदाच दोन किलो शिजवते आणि पाच पाकिटं करून फ्रीजरला लावते. खुरपणीच्या दिवशी मग अर्ध्या तासात रस्सा होतो.

आगाऊ करून ठेवणं आपल्याला नवं नाही. येसर आपण लग्नसराईच्या आधीच करून ठेवतो. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची, दगडफूल असं सगळं भाजून दळून आणलं, की शंभर माणसांची आमटी बघता बघता उभी राहते. मांसही आपल्याकडं टिकवलं जायचंच. मीठ लावून उन्हात वाळवलेल्या तुकड्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचं हे सगळं जेवण नोंदवून ठेवलं आहे. मटण टिकवायचं म्हणजे त्यातलं पाणी काढायचं किंवा त्याला गोठवायचं. आज्यांनी पहिलं केलं, आपण दुसरं करतो.

मटण घेताना नुसते बिनहाडाचे तुकडे मागू नका. खांदा, मान, सीना आणि दोन-तीन नळ्या घ्या. या भागांत शिरा-पडदे जास्त असतात. मंद आचेवर ते विरघळून रश्श्याला चिकटपणा देतात आणि गोठवल्यावरही तुकडा कोरडा पडत नाही. कोवळं, चरबी नसलेलं मटण फ्रीजरमधून निघाल्यावर दोऱ्यासारखं लागतं. ज्या घरांत मोठ्याचं, म्हणजे म्हशीचं, मटण होतं, तिथंही रीत हीच, फक्त वेळ जवळपास दुप्पट धरायची. (गाईवर १९७६ च्या कायद्यानं आधीच बंदी होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळं आपल्या राज्यात मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच.)

मटणाला दोन चमचे हळद, मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी तेल तापवून चार कांदे बारीक चिरून लाल करा, मग मटण टाका. इथं घाई नको. मटणाला आधी पाणी सुटतं, ते पूर्ण आटू द्या. त्यानंतर तुकडे तेलात चरचरायला लागतात आणि बाजूंनी तांबूस होतात. रश्श्याची निम्मी चव याच पंधरा मिनिटांत येते. कुकरला लावायचं असलं तरी हे परतणं उघड्यावरच करा.

आता पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. ही आपली जुनी युक्ती फार शहाणपणाची आहे. वाफ गार ताटाला लागून थेंब थेंब खाली पडते, मटण आपल्याच रसात शिजतं आणि ताटातलं गरम झालेलं पाणी लागेल तसं आत ओतता येतं. गार पाणी ओतू नका, शिजण्याचा वेग मोडतो. बोकडाला तास-सव्वा तास लागतो. तुकडा चमच्यानं तुटतो पण हाडावरून गळून पडत नाही, तिथं थांबा. उरलेलं शिजणं गरम करताना होणार आहे. पोरांसाठी वाटीभर अळणी याच वेळी काढून घ्या.

वाटणाला चार कांदे आणि वाटीभर सुकं खोबरं थेट आचेवर भाजा. सोबत लसूण, कोथिंबीर आणि चमचाभर खसखस. दुसऱ्या कढईत तेलावर हे वाटण आणि मिरचीपूड तेल सुटेपर्यंत परता. धर्माबादची मिरची जवळच मिळते, रंग-तिखट दोन्हीला ती मला आवडते. लवंग-दालचिनीचा हात मात्र आखडा ठेवा. फ्रीजरमधून निघालेल्या रश्श्यात लवंग पुढं येते आणि मीठ मागं पडतं, असा माझा अनुभव आहे. हे वाटण मटणात मिसळून दहा मिनिटं उकळा. रस्सा लपथपीत, चमच्याला धरून राहील इतपतच हवा.

यात पाणी वाढवायचं नाही आणि येसर घालायचं नाही. पिठानं दाट केलेला रस्सा गोठून वितळला की फाटतो, पाणी वेगळं आणि गाळ वेगळा. बटाटा तर स्पंजासारखा होतो. येसर, शेंगदाण्याचं कूट आणि पाणी हे तिन्ही खायच्या दिवशीच घालायचं. पाणी नाही म्हणून जागाही कमी लागते.

सगळ्यात जास्त जपायचं ते निववताना. एका वर्षी मी पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलं आणि सकाळी फ्रीजमध्ये टाकलं. रस्सा फसफसला होता, दोन किलो मटण फेकावं लागलं. उकळीनं सगळे जंतू मरतात असं आपल्याला वाटतं, पण काहींची बीजं उकळीतही तगतात आणि रस्सा सावकाश कोमट होत गेला की तीच वाढतात. ६० ते ५ अंश हा पट्टा लवकर ओलांडायचा. दोन तासांत रस्सा २१ अंशांच्या खाली यावा. पातेलंभर रस्सा आपोआप तसा कधीच निवत नाही. म्हणून तो दोन-तीन पसरट स्टीलच्या डब्यांत दोन बोटं जाडीचा ओता, डबे परातीत पाण्यात ठेवा, पाण्यात आदल्या दिवशी गोठवलेल्या दोन-तीन बाटल्या सोडा, वरून पंखा लावा आणि अधूनमधून ढवळा. हाताला गार लागला की खालच्या फ्रीजमध्ये, आणि पूर्ण गार झाल्यावर पाकिटांत.

जाड, घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या वापरा. तीन-चार माणसांपुरतं एकेक पाकीट भरा, हवा दाबून काढा आणि ताटावर आडवं, भाकरीसारखं चपटं करून गोठवा. चपटं लवकर गोठतं आणि लवकर वितळतं. नळ्यांची टोकं पिशवी फाडतात, त्या डब्यात ठेवा आणि डबा काठोकाठ भरू नका, कारण पाणी गोठताना फुगतं. चिकटपट्टीवर तारीख लिहा. उणे १८ अंशांचा वेगळा फ्रीजर असेल तर दोन-तीन महिने चव टिकते. एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात मी पंधरा दिवसांवर ठेवत नाही.

पावसात आमच्याकडं लाईट तासन्‌तास जाते. अशा वेळी दार उघडून बघायचा मोह आवरा. गच्च भरलेला मोठा फ्रीजर बंद दारानं साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, छोटा कप्पा मात्र काही तासच. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. पाकिटात बर्फाचे खडे अजून असतील तर ते परत गोठवता येतं, चव थोडी उतरते एवढंच. पूर्ण मऊ होऊन कोमट झालं असेल तर फेकून द्या. जीव तुटतो, पण उकळून वाचवू नका.

वावरात जायच्या दिवशी पाकीट आदल्या रात्रीच खालच्या कप्प्यात काढा. विसरलात तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात बुडवा, ओट्यावर दिवसभर ठेवू नका. संध्याकाळी मटण पातेल्यात काढून दोन-तीन वाट्या गरम पाणी घाला. दोन चमचे येसर अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, धार धरून सोडा, मूठभर कूट टाका आणि खळखळून दहा मिनिटं उकळू द्या. मीठ आता चाखा, आधी नाही. तेवढ्यात तव्यावर ज्वारीच्या भाकरी होतात.

शेवटच्या पाकिटावर तारखेसोबत ‘दीपअमावास्येआधी’ असंही लिहा. श्रावणाच्या पहिल्या दिवशी सासूबाई फ्रीज पुसून घेतात, तेव्हा त्यात काही सापडता कामा नये.