उज्जैनची वेधशाळा आणि स्मार्टफोनची गुणसंख्या

उज्जैन नगरीत क्षिप्रेच्या काठी, जयसिंगपुरा भागात, एक जुनी वेधशाळा आहे. जयपूरचे महाराजा सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यांनी ती उभारली. दिल्ली, जयपूर, मथुरा व वाराणसी येथेही त्यांनी अशाच वेधशाळा बांधल्या. भारतीय ज्योतिर्गणितात मध्यरेषा उज्जैनवरून जाते असे मानले जात असे. त्यामुळे या स्थानाचे महत्त्व विशेष होते. पुढे मोडकळीस आलेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार 1923 मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी करविला. आज ती शासकीय जीवाजी वेधशाळा या नावाने ओळखली जाते आणि महाकालेश्वराच्या दर्शनास जाणारे महाराष्ट्रातील अनेक यात्रेकरू तिलाही भेट देतात.

तेथील सम्राट यंत्र म्हणजे एक भव्य सूर्यघटिकाच होय. जिन्यासारख्या तिरप्या भिंतीचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे 23 अंशांचा आहे. भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवरील खुणांवरून सरकते आणि वेळ दाखविते. पाहणारा मनगटावरील घड्याळाशी ती वेळ ताडून पाहतो, तो यंत्र बरेच मागे असल्याचे आढळते. ‘यंत्र चुकीचे आहे’ असा शेरा मारून काहीजण पुढे निघतात.

वस्तुतः यंत्र चुकलेले नसते. ते उज्जैनचा स्थानिक सौर काळ दाखविते. आपली घड्याळे मात्र 82.5 अंश पूर्व रेखांशावरील भारतीय प्रमाण वेळेनुसार चालतात. उज्जैन त्या रेखांशाच्या पश्चिमेस जवळजवळ पावणेसात अंश आहे. एका अंशास 4 मिनिटे याप्रमाणे हा फरक सुमारे 27 मिनिटांचा होतो. त्यातच पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्याच्या मध्यान्हाची वेळ वर्षभर मागेपुढे होत राहते. यंत्रावर दुपारचे 12 वाजतात तेव्हा नोव्हेंबरच्या आरंभी घड्याळात सुमारे 12 वाजून 11 मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे 12 वाजून 41 मिनिटे झालेली असतात. याचा अर्थ असा की, यंत्राचा आकडा खरा आहे, परंतु तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे जाणून घेतल्यावाचून त्या आकड्यावर गाडी पकडता येणार नाही.

नेमकी हीच चूक आज तालुक्याच्या बाजारपेठेत, स्मार्टफोनच्या दुकानात, नित्य घडताना दिसते. ‘या फोनचा बेंचमार्क इतक्या लाखांचा, त्या फोनचा तितक्या लाखांचा’ असे सांगितले जाते आणि हंगामाचे पैसे हाती आलेला शेतकरी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी फोन घेऊ पाहणारी माता मोठ्या आकड्यासाठी अधिक रक्कम मोजून मोकळी होते. म्हणून या आकड्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

गुणसंख्या म्हणजे काय?

‘बेंचमार्क’ हा शब्द मूळचा भूमापनातील. उंची मोजताना आधारासाठी दगडावर किंवा पक्क्या इमारतीवर कोरलेली खूण म्हणजे बेंचमार्क. संगणकाच्या क्षेत्रात हा शब्द तुलनेसाठी ठरविलेल्या परीक्षेस लावण्यात आला. अशा परीक्षेत फोनला काही ठराविक कामे दिली जातात: गणिते सोडविणे, चित्रे रेखाटणे, माहिती दाबून लहान करणे, स्मृतीतून माहिती वाचणे इत्यादी. ही कामे किती लवकर झाली यावरून गुण दिले जातात.

परीक्षा बदलली की गुणही बदलतात. ‘गीकबेंच’ या प्रसिद्ध परीक्षेच्या पाचव्या आवृत्तीत इंटेलच्या कोअर आय-3 8100 या प्रक्रियकाला 1000 गुण धरून इतरांचे मोजमाप होत असे. 2023 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत कोअर आय-7 12700 या प्रक्रियकाला 2500 गुण धरण्यात आले. साहजिकच एकाच फोनची दोन आवृत्त्यांतील गुणसंख्या वेगळी येते. ‘अंतुतू’ ही दुसरी परीक्षा प्रक्रियक, चित्रप्रक्रियक, स्मृती आणि वापराचा अनुभव अशा चार भागांच्या गुणांची बेरीज करते व तिचे आकडे लाखांत जातात. यांतील चित्रप्रक्रियकाचे गुण मुख्यतः खेळांसाठी उपयोगाचे असतात. ज्या घरात फोनवर असे खेळ खेळले जात नाहीत, त्या घराने त्या गुणांसाठी दाम मोजणे म्हणजे विहिरीवर दोन अश्वशक्तीचा पंप पुरत असता दहाचा बसविण्यासारखे होय.

वेग कोठे अडतो?

एक साधे उदाहरण घेऊ. किराणा दुकानात यूपीआयद्वारे रक्कम दिली जाते, तेव्हा मागणी फोनमधून मनोऱ्याकडे, तेथून बँकांच्या संगणकांकडे आणि पुन्हा मागे असा प्रवास करते. समजा, या सर्वास 6 सेकंद लागले आणि त्यांपैकी फोनचे स्वतःचे काम अर्ध्या सेकंदाचे होते. आता दुप्पट वेगाचा फोन घेतला, तरी वाचणार केवळ पाव सेकंद. उरलेले साडेपाच सेकंद जेथे जात होते तेथेच जातील. गावात मनोऱ्याचा संकेत क्षीण असेल, तर गुणसंख्या कितीही मोठी असली तरी त्यामुळे पैसे लवकर पोचणार नाहीत.

शिवाय वेगाची वाढ जाणवण्यालाही मर्यादा आहे. जयपूरचे मोठे सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच असून त्यावर 2 सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. परंतु सूर्य हा बिंदू नाही; आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश दिसते. त्यामुळे सावलीची कडा रेखीव न पडता पुसट होते आणि ती नेमकी कोठे संपते हे सामान्य दृष्टीस ठरविता येत नाही. खुणा कितीही बारीक आखल्या तरी सावलीच पुसट, अशी ही स्थिती आहे. फोनचेही तसेच आहे. एक दशांश सेकंदाच्या आत मिळालेला प्रतिसाद माणसाला तत्काळच वाटतो. त्याहून अधिक वेग कागदावर दिसतो, बोटांना जाणवत नाही.

परीक्षेपुरती हुशारी

परीक्षा आधीच ठाऊक असली की केवळ तिच्यापुरती तयारी करण्याचा मोह विद्यार्थ्यांप्रमाणे उत्पादकांनाही होतो. 2013 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-4 या फोनाविषयी असे उघडकीस आले की, ठराविक परीक्षा चालू होताच त्याचा चित्रप्रक्रियक इतर वेळी न मिळणाऱ्या वेगाने चाले. 2018 मध्ये ‘थ्रीडीमार्क’ या परीक्षेच्या चालकांनी हुवावेच्या काही फोनांची नावे याच प्रकारच्या कारणासाठी आपल्या यादीतून वगळली. 2022 मध्ये गीकबेंचने सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-10 पासून एस-22 पर्यंतच्या मालिकांतील फोन यादीतून काढले. कारण त्यांत अनेक उपयोजनांचा वेग आवरता घेतला जात असे, परीक्षेचा मात्र नाही.

उष्णतेचाही विचार केला पाहिजे. फोन तापला की स्वतःच्या रक्षणासाठी तो आपला वेग कमी करतो. थंड खोलीत काही मिनिटांत मिळालेले गुण वैशाखाच्या उन्हात टिकत नाहीत. उज्जैनचा 2016 चा सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे या कडक उन्हाळ्याच्या दिवसांत झाला. पुढील सिंहस्थ 2028 मध्ये आहे. तेथे जाणाऱ्या यात्रेकरूस घाटावरील गर्दीत चुकलेल्या नातलगाशी बोलता येणे महत्त्वाचे असते. त्या वेळी उपयोगी पडतो तो संध्याकाळपर्यंत पुरणारा विद्युत्संच, गर्दीतही संकेत पकडणारा फोन आणि उन्हात वाचता येणारा पडदा. या तिन्ही गोष्टी गुणसंख्येत दिसत नाहीत.

मग गुणसंख्या निरर्थक आहे काय?

तसे म्हणणेही योग्य होणार नाही. या बाबतीत महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांना कामासाठी 2019 मध्ये शासनाकडून फोन देण्यात आले होते. पुढे 2021 मध्ये पोषण ट्रॅकर या उपयोजनात बालकांची नोंद करण्याचे काम आले. फोनची स्मृती केवळ 2 जीबी. तो तापतो, मध्येच थांबतो आणि दुरुस्तीचा भुर्दंड आपणांवर पडतो, अशा तक्रारी करीत त्या वर्षी ठिकठिकाणच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. एका बालकाचे वजन नोंदविण्यासाठी वारंवार प्रयत्न करावे लागत असतील, तर तो वेळ त्या बालकाच्या सेवेतूनच वजा होतो.

यावरून दिसून येते की, क्षमतेची एक किमान पातळी आवश्यकच असते. तिच्याखाली प्रत्येक आकडा महत्त्वाचा असतो आणि तिच्यावर गेल्यानंतर आकड्याचे मोल झपाट्याने घटते. गुणसंख्येचा खरा उपयोग ‘हा फोन आमच्या कामास अपुरा तर नाही ना?’ हे तपासण्यासाठी आहे. गावात सर्वांत मोठा आकडा कोणाकडे, हे ठरविण्यासाठी तो नव्हे.

शासकीय खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. निविदेत केवळ गुणसंख्या किंवा केवळ न्यूनतम किंमत न पाहता, जे उपयोजन प्रत्यक्ष वापरावयाचे आहे ते नमुन्याच्या फोनवर, क्षीण संकेताच्या गावात, प्रत्यक्ष वापरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती देऊन काही दिवस चालवून पाहणे श्रेयस्कर होय. उपयोजने वर्षागणिक जड होत जातात. म्हणून आजच्या गरजेहून थोडी अधिक स्मृती घेणे ही उधळपट्टी नव्हे.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात

1. आपली रोजची चार-पाच कामे कागदावर लिहावीत. ई-पीक पाहणीसाठी शेतातील छायाचित्र व स्थाननिश्चिती, मुलांचा अभ्यास, पैशांची देवघेव, दूरध्वनी अशी ती असतील.

2. दुकानातील नमुन्याच्या फोनवर तीच कामे करून पाहावीत. एकामागून एक पाच उपयोजने उघडून पहिल्यावर परत यावे. ते पुन्हा आरंभापासून उघडू लागले, तर स्मृती अपुरी आहे असे समजावे.

3. साठवण किती, याची चौकशी करावी. साठवण भरत आली की चांगला फोनही मंदावतो.

4. सुरक्षेची सुधारणा किती वर्षे मिळणार हे विचारावे. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत हा प्रश्न गुणसंख्येहून मोठा आहे.

5. दुरुस्तीचे केंद्र किती अंतरावर आहे आणि विद्युत्संच बदलण्यास काय खर्च येतो हे पाहावे.

6. आपल्या गावात ज्या कंपनीचा संकेत चांगला मिळतो, तिच्या सेवेवर तो फोन नीट चालतो याची खात्री करून घ्यावी.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकबंधुभगिनींनी उच्च प्राथमिक वर्गांत हा विषय दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या दिवशी अंगणात सरळ काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या किती वाजता पडते ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे. ही वेळ बहुधा बाराची येणार नाही. ती का येत नाही, याचा शोध त्यांनी नकाशावरील रेखांशांच्या साहाय्याने घ्यावा. दुसऱ्या दिवशी दोन निरनिराळे फोन घेऊन एकच पाठ उघडण्यास किती सेकंद लागतात हे प्रत्येकी पाच वेळा मोजावे, आकडे चढत्या क्रमाने मांडावेत आणि मधला आकडा घ्यावा. मग तोच प्रयोग शाळेच्या मागील बाजूस, संकेत क्षीण असलेल्या जागी करावा. दोन फोनांतील फरक मोठा की दोन जागांतील, हे मुलांनीच सांगावे.

उज्जैनच्या सम्राट यंत्राची सावली खरा काळ दाखवीत असते. तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र पाहणाऱ्यावर असते. कोणताही आकडा पुढे ठेवला गेला की ‘हे कशाचे माप आहे आणि माझ्या कामाशी याचा संबंध काय?’ असा प्रश्न विचारण्याची सवय घराघरांत रुजली, तर कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी खर्च होईल.